पेटीची वाट : जळगाव-धुळ्याच्या टॉकीजची वाटचाल

स्मरणिकेतला इतिहास सहसा पहिल्या बैठकीपासून सुरू होतो. इतिवृत्ताची वही असते, संस्थापकांचा खुर्च्या मांडून काढलेला फोटो असतो, पहिल्या वर्षीचा जमाखर्च असतो. टॉकीज या संस्थेपाशी यातले काही नाही. तिची घटना कुणी लिहिली नाही, तिला आजीव सभासद नव्हते, आणि तिचे दप्तर म्हणजे रोजच्या गल्ल्याचे तक्ते, जे वेळच्या वेळी रद्दीत गेले. तरीही खान्देशातल्या या दोन गावांनी पिढ्यान्‌पिढ्या दिवसातून तीन-चार खेळांना जिथे हजेरी लावली, ती संस्था हीच. गावाच्या पत्त्यात ती मुरली आहे. जळगावात चित्रा चौक म्हटले की रिक्षावाल्याला पुढे काही सांगावे लागत नाही. नटराज, राजकमल, अशोक ही नावेही खुणेसाठी घेतली जातात. धुळ्यात स्वस्तिक, मनोहर, ज्योती यांचे तेच.

या टॉकीज का उघडल्या आणि त्यातल्या बहुतेक का मिटल्या, याचे उत्तर सगळ्यांपाशी तयार असते : बोलपट आला म्हणून उघडल्या, टीव्ही आला म्हणून मिटल्या. हे उत्तर सोयीचे आहे, पण त्याने तारखा जुळत नाहीत. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की टॉकीज जगली ती चित्रपटाच्या प्रतीच्या, धंद्याच्या भाषेत ‘पेटी’च्या, वाटेवर तिला मिळालेल्या जागेमुळे. एका चित्रपटाच्या मोजक्याच प्रती निघत, त्या गावोगाव फिरत, आणि प्रत्येक गावाचा, गावातल्या प्रत्येक पडद्याचा त्या फिरतीत नंबर ठरलेला असे. ही रांग शाबूत होती तोवर शेवटच्या नंबरावरच्यालाही पोट भरता येत होते. रांग मोडू लागली, तेव्हा आधी मागचे कोसळले आणि शेवटी पुढचेही. बाकी कारणे खरी असली तरी या एका कारणाच्या आश्रयाने आली.

१९१० आणि १९२०ची दशके : रूळ आधी, पडदा नंतर

दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, म्हणजे आपल्या शेजारच्याच जिल्ह्यातले. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये लोकांसाठी लागला. मुंबईत लागलेले चित्र खान्देशात यायचे तर ते येणार रेल्वेने, आणि या बाबतीत आपला मुलूख आधीच नशीबवान होता. जी.आय.पी. रेल्वेचा मुख्य मार्ग चाळीसगाव, पाचोरा, जळगाव करत भुसावळला पोहोचतो, आणि तिथे त्याला दोन फाटे फुटतात : एक नागपूरकडे, दुसरा खंडवा-इटारसीकडे. सुरतेहून निघालेली ताप्ती व्हॅलीची गाडी अमळनेरवरून जळगावला येऊन मिळते. धुळ्याला मात्र चाळीसगावहून निघणाऱ्या फाट्याचे शेवटचे स्टेशन एवढाच मान मिळाला. त्याची भरपाई पुढे मुंबई-आग्रा रस्त्याने केली. जळगाव मुख्य मार्गावर आणि धुळे फाट्याच्या टोकाला, हा फरक ध्यानात ठेवावा.

कायम बांधणीची चित्रपटगृहे त्या काळात फारच थोडी होती. १९२७-२८मध्ये रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने देशभरच्या सिनेमा व्यवसायाची पाहणी केली, तेव्हा अवघ्या हिंदुस्थानात ती तीनशेच्या आसपास भरली, आणि त्यातली बरीचशी मोठ्या शहरांत होती. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांना सिनेमा दाखवला तो तंबूवाल्यांनी. यात्रांचे वेळापत्रक हेच त्यांचे वेळापत्रक : चैत्रात धुळ्याला पांझरेकाठी एकवीरेची, वैशाखात अमळनेरला बोरीच्या पात्रात सखाराम महाराजांची, मार्गशीर्षात सारंगखेड्याला दत्ताची. त्या वेळची फिल्म नायट्रेटची, ठिणगीने भडकणारी. १९१८च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यात परवान्याच्या जोडीला सुरक्षिततेवर एवढा भर आहे तो म्हणूनच. परवाना देण्याचा अधिकार जिल्ह्याच्या मॅजिस्ट्रेटकडे गेला आणि अनेक रूपांतरे होऊनही तिथेच राहिला. बैलगाडीत यंत्र, कनात आणि पत्र्याचे डबे घालून फिरणाऱ्या या माणसांची नावे कुठल्याही फलकावर नाहीत. टॉकीजचे संस्थापक म्हणून मान द्यायचा तर पहिला त्यांना.

१९३०चे दशक : बोलपटाने भिंती मागितल्या

‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला आणि १९३२मध्ये प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ने पडदा मराठीत बोलू लागला. मूकपट मोकळ्या मैदानात चालत असे. बोलपटाला ते मानवेना. आवाज कोंडायला भिंती हव्यात, यंत्राला सारख्या दाबाची वीज हवी, ती नसेल तर ऑइल इंजिन हवे आणि ते चालवणारा माणूस हवा. म्हणजे भांडवल हवे, आणि भांडवल घालणारा विचारणार की वर्षभर पुरेल एवढा माल येईल का. जिथे पेटी दर आठवड्याला बिनचूक पोहोचेल तिथेच कायमची टॉकीज परवडणार. ‘टॉकीज’ हा शब्द याच दशकातला, आणि परदेशात बोलपटांना ‘टॉकीज’ म्हणणे कधीच मागे पडले असताना इथे तो इमारतीला चिकटून बसला.

नाटकमंडळ्यांची पीछेहाटही याच वर्षांतली. बालगंधर्वांच्या बालपणाचा काही काळ जळगावात गेला आणि गावाने त्यांच्या नावाचे खुले नाट्यगृह बांधले. त्याच बालगंधर्वांना १९३५मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’त एकनाथांच्या भूमिकेत पडद्यावर यावे लागले. सिनेमाने नाटक मारले, असा तेव्हाचा सूर होता. पुढे टीव्हीने सिनेमा मारला असा सूर लागला. दोन्ही वेळी नव्या करमणुकीकडे बोट दाखवले गेले, आणि कलेची गावोगाव ने-आण कोणत्या खर्चात होते या रुक्ष प्रश्नाकडे दुर्लक्ष झाले. पन्नास-साठ माणसांचे बिऱ्हाड घेऊन फिरणारी कंपनी आणि पंधरा-सोळा रिळांची पेटी यांची शर्यत रंगभूमीच्या दर्जावर ठरणार नव्हतीच.

१९४० आणि १९५०ची दशके : भुसावळचे ठाणे

महायुद्धात कच्च्या फिल्मची टंचाई झाली. १९४२मध्ये सरकारने चित्रपटाची लांबी ११,००० फुटांवर आणली. पुढे कच्ची फिल्म परवान्यावर मिळू लागली. प्रती कमी, टॉकीज वाढत्या, म्हणजे रांग लांबली. ही रांग कुणीतरी लावायची होती. चित्रपट धंद्याने देशाची जी ‘सर्किटे’ पाडली त्यांना प्रांतांच्या सीमांशी कर्तव्य नव्हते. खान्देश सरकारदरबारी मुंबई इलाख्यात, पण धंद्याच्या नकाशावर भुसावळ हे सी.पी.-बेरार (मध्य प्रांत-वऱ्हाड) सर्किटचे ठाणे झाले, अमरावतीच्या जोडीने. कारण उघड आहे : इथून पेटी नागपूरच्या गाडीतही चढवता येते आणि खंडव्याच्याही. वितरक आणि प्रदर्शक या दोघांची संघटना असलेल्या सेंट्रल सर्किट सिने असोसिएशनचे मुख्य कार्यालय मुंबई, नागपूर वा इंदूर सोडून भुसावळला असावे, याचे बाहेरच्यांना नवल वाटते. रुळांचा नकाशा पाहिला की ते सरते. केळी आणि इंजिनांसाठी ओळखले जाणारे हे गाव मध्य भारताच्या पडद्यांना माल पुरवणारे कोठार होते, ही गोष्ट खुद्द जळगावकरांच्याही फारशी गावी नाही.

संघटनेचे काम कोरडे पण पायाभूत होते. कोणत्या चित्रपटाचे हक्क कुणी घेतले याची नोंद ठेवणे, थकबाकीदाराला पुढचे चित्र मिळू न देणे, तंटा कोर्टात जाण्याआधी मिटवणे. भाडे ठरीव असावे की गल्ल्यावर टक्केवारी, मिनिमम गॅरंटी कुणी किती द्यायची, यावर वितरक आणि टॉकीजमालक यांच्यात मतभेद झाले. ते सामोपचाराने मिटले असे म्हणणे स्मरणिकेला शोभते, आणि जे मिटले नाहीत ते काळाने मिटवले. १९५३च्या मुंबई सिनेमा नियमन कायद्याने परवान्याची चौकट पक्की केली. पन्नाशीच्या सुरुवातीला न भडकणारी फिल्म आली आणि ऑपरेटरच्या खोलीतला मृत्यूचा धाक गेला, कार्बनचा धूर मात्र राहिला.

१९६० आणि १९७०ची दशके : भरल्या घराचे दिवस

१९६०मध्ये पूर्व खान्देशाचा जळगाव जिल्हा झाला आणि पश्चिमेचा धुळे. टॉकीजचा सुगीचा काळ हाच, आणि ‘सुगी’ हा शब्द इथे अक्षरशः घ्यायचा. कापसाचे पैसे शेतकऱ्याच्या हाती पडले की खिडकीवर गर्दी. आखाजीला लेकीबाळी माहेरी आल्या की बायकांच्या खेळांना गर्दी. एरवीच्या दिवसांचा आधार म्हणजे गिरणी कामगार. जळगावची खान्देश मिल, धुळे आणि अमळनेरच्या प्रताप शेठजींच्या गिरण्या यांच्या पाळ्या सुटण्या-भरण्याच्या वेळा आणि खेळांच्या वेळा एकमेकींना धरून असणे स्वाभाविक होते. पण गिऱ्हाईक आहे एवढ्याने टॉकीज भरत नाही. गिऱ्हाईकाला थांबायला लावावे लागते. ते काम रांगेने केले. मुंबईत रौप्यमहोत्सव साजरा करून आलेले चित्र आपल्याकडे लागेपर्यंत त्याची गाणी रेडिओने पाठ करून घेतलेली असत, गोष्ट मुंबईहून आलेल्या नातलगाने अर्धी सांगितलेली असे. उशीर हा तोटा वाटतो. प्रत्यक्षात तो फुकटची जाहिरात होता. जळगावात चार आठवडे झाले की चित्र तालुक्याला जाई, तालुक्याहून तंबूत, आणि वर्षा-दोन वर्षांनी ओरखडे पडलेल्या अवस्थेत ‘लोकाग्रहास्तव’ मॅटिनीला परत येई. एकच प्रत पाच-सहा वेळा कमावत होती.

पेटीचे वजन चाळीस किलोच्या घरात. हजार फुटांचे एक रीळ पडद्यावर अकरा मिनिटे टिकते. मोठ्या चित्रपटाची पंधरा-सोळा रिळे होत. गाडीतून ती उतरवून हातगाडीने वा टांग्याने आणणारा हमाल, तुटलेली फिल्म जोडून अंधारात दोन यंत्रांच्या मध्ये उभा राहणारा ऑपरेटर, खिडकीमागचा बुकिंग क्लार्क, बॅटरी हातात घेऊन जागा दाखवणारा डोअरकीपर, खळीची बादली घेऊन रात्री पोस्टर चिकटवणारा, कर्णा लावून गल्लोगल्ली ओरडत जाणारा टांगेवाला, इंटरव्हलला भजी तळणारा कॅन्टीनवाला, आणि वितरकाने गल्ला मोजायला पाठवलेला, म्हणून कुणालाच नकोसा असलेला प्रतिनिधी : या सगळ्यांनी मिळून ही संस्था चालवली. प्रत महाग म्हणून दोन टॉकीजनी एकच प्रत घ्यायची, खेळ अर्ध्या तासाच्या अंतराने लावायचे आणि संपलेली रिळे सायकलवरून इकडून तिकडे न्यायची, ही देशभरची युक्ती त्या काटकसरीचा कळस म्हणावी लागेल.

रांगेचे बळ पाहायचे तर १९७५ साल पाहावे. मे महिन्यात ‘जय संतोषी माँ’ आला आणि १५ ऑगस्टला ‘शोले’. पहिला अगदी कमी खर्चातला. मोठे नट नाहीत, मोठी जाहिरात नाही. पण तो गावोगाव महिनोन्‌महिने चालला, बायका चपला बाहेर काढून आत गेल्या, पडद्यावर नाणी उधळली गेली. असे चित्र पहिल्या आठवड्याच्या गल्ल्यावर कधीच टिकले नसते. एका गावाने दुसऱ्या गावाला सांगायला वेळ लागतो, आणि तो वेळ रांगेने दिला. दादा कोंडक्यांच्या चित्रपटांचे महाराष्ट्रभरचे रौप्यमहोत्सवही याच हिशेबात बसतात.

१९८० आणि १९९०ची दशके : टीव्हीवरचे खापर

आता मुख्य आक्षेपाकडे. १९८२च्या आशियाई खेळांबरोबर रंगीत दूरदर्शन आले, व्हिडिओ आला, २५ जानेवारी १९८७पासून रविवारच्या सकाळी ‘रामायण’ सुरू झाले आणि रस्ते ओस पडले. मग टीव्हीनेच टॉकीज मारली, हे मान्य का करू नये? कारण ‘रामायण’ संपल्यानंतरच्या काही वर्षांत टॉकीजच्या सर्वांत मोठ्या यशांपैकी काही आली. १९८९च्या शेवटी ‘मैंने प्यार किया’, १९९१मध्ये ‘माहेरची साडी’. ज्या बाया घरच्या टीव्हीपुढे उदबत्ती लावत होत्या त्याच ‘माहेरची साडी’ला रुमाल घेऊन बसल्या. १९९४चा दाखला याहून बोलका आहे. केबल तोवर गल्लीत पोहोचली होती. ‘हम आपके हैं कौन’च्या निर्मात्यांनी सुरुवातीला प्रती मोजक्याच काढल्या आणि व्हिडिओचे हक्क दिले नाहीत, थोडक्यात, मोडत आलेली रांग त्यांनी मुद्दाम पुन्हा लावली. चित्र वर्षभर चालले. घरात पडदा असणे आणि टॉकीज ओस पडणे यांचा थेट संबंध असता तर हे घडले नसते.

टीव्ही आणि व्हिडिओने केले ते वेगळेच. त्यांनी वाट पाहण्याची किंमत शून्यावर आणली. मुंबईत शुक्रवारी लागलेले चित्र चोरट्या कॅसेटवर रविवारी बसस्टँडजवळच्या व्हिडिओ पार्लरमध्ये दिसू लागले, तेव्हा फटका मुंबईच्या टॉकीजला बसला नाही. बसला तो रांगेत सहावा-सातवा नंबर असलेल्याला. म्हणून सर्वांत आधी तंबू गेले, मग तालुक्याच्या टॉकीज, मग जिल्ह्यातल्या दुय्यम. धुळ्याच्या शेजारचे मालेगाव याचे दुसरे टोक दाखवते. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी आणि त्यांच्या यंत्रमागवाल्या मित्रांनी ‘मालेगाव के शोले’ बनवला आणि गावातच चालवला; पुढे फैजा अहमद खान यांच्या माहितीपटाने ती धडपड जगभर नेली. रांगेच्या शेपटाला उभे असलेल्यांनी रांगच सोडली आणि स्वतःची पेटी स्वतः भरली. प्रेक्षक संपला होता म्हणणाऱ्यांनी या उदाहरणाचा विचार करावा.

गिरण्या बंद पडल्या हा आक्षेप अधिक वजनाचा आहे. कायम पगाराचा, पाळी सुटल्यावर तिकीट काढणारा माणूस गेला, हे खरेच. पण गिरणी नसलेल्या तालुक्यांतल्या टॉकीजही त्याच सुमारास मिटल्या, तेव्हा गिरण्यांनी घाव वाढवला एवढेच म्हणता येते.

२००० नंतरचे दशक : कर, सवलत आणि आकाशातून आलेली पेटी

टॉकीजमालकांच्या तोंडी कायम असणारे कारण म्हणजे करमणूक शुल्क. १९२३च्या कायद्याने लागलेले हे शुल्क पुढे वाढत गेले. तक्रार रास्त आहे. मात्र भरल्या घराच्या दिवसांतही शुल्क होतेच, आणि तरीही नव्या टॉकीज बांधल्या जात होत्या. करापेक्षा दुजाभाव जास्त नडला. २००१च्या धोरणात राज्याने नव्या मल्टिप्लेक्सना पहिली तीन वर्षे शुल्क माफ केले आणि पुढची दोन वर्षे चौथाईच घेतले. जुन्या एकपडदा टॉकीजना छत गळत असतानाही पूर्ण भरावे लागले. चौकातल्या जागेला सोन्याचा भाव आला, हेही कारण सांगतात. जागेच्या भावाने बंद टॉकीज पुन्हा का उघडली नाही हे कळते. ती बंद का पडली, हे कळत नाही.

निर्णायक गोष्ट २००५च्या सुमारास घडली, आणि गंमत म्हणजे ती वरदानासारखी आली. यूएफओसारख्या कंपन्यांनी चित्रपट उपग्रहावरून थेट टॉकीजमध्ये उतरवायला सुरुवात केली. साठ-सत्तर हजार रुपयांची प्रत, हमाल, पार्सल ऑफिस, सगळे वाचले. जळगाव आणि धुळे पहिल्यांदाच मुंबईच्या बरोबरीने शुक्रवारी सकाळी पहिल्या नंबरावर आले. मग तर भरभराट व्हायला हवी होती. झाली नाही, याचे कारण बरोबरीतच आहे. सगळेच पहिल्या नंबरावर आले की रांग उरत नाही, आणि चित्राचे आयुष्य वर्षा-दोन वर्षांवरून दोन आठवड्यांवर येते. आठशे खुर्च्यांचे सभागृह सावकाश, महिनोन्‌महिने भरण्यासाठी बांधलेले होते. मल्टिप्लेक्स तेच चित्र पहिल्या आठवड्यात अडीचशेच्या पडद्यावर आणि दुसऱ्यात ऐंशीच्या पडद्यावर हलवतो; जुन्या टॉकीजला सोमवारी आठशेपैकी चाळीस खुर्च्यांसाठी पंखे चालवावे लागतात. आणि चित्र पडले तर त्या आठवड्यापुरते बदली लावायला जुनी पेटीही भुसावळला उरली नाही.

२०१० ते आज : किल्ली

२०१३मध्ये फुजीने चित्रपटाची फिल्म बनवणे थांबवले आणि रिळांचा जमाना सरल्याची ती जाहीर खूण ठरली. एप्रिल २०१६मध्ये ‘सैराट’ आला, तेव्हा धूळ झटकलेल्या कितीतरी खुर्च्यांवर पुन्हा माणसे बसली, आणि एकमेकांना सांगत आठवड्यामागून आठवडे बसत राहिली. १९७५ची पद्धत अजून मेलेली नाही एवढे त्याने दाखवले. १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि शंभरच्या आतल्या व वरच्या तिकिटांचे दर वेगळे झाले. मार्च २०२०मध्ये राज्यातल्या सगळ्या पडद्यांवर एकदमच अंधार झाला; नोव्हेंबरमध्ये निम्म्या खुर्च्यांनिशी दारे उघडली, पुढच्या एप्रिलमध्ये मिटली, २२ ऑक्टोबर २०२१ला परत उघडली. जवळजवळ बिनउत्पन्नाचे दीड वर्ष झेपण्याइतकी गंगाजळी जुन्या टॉकीजपाशी कुठून असणार?

जळगावात खान्देश मिलच्या जागेवर खान्देश सेंट्रल उभे राहिले आणि त्यात आयनॉक्सचे पडदे आले. जिथून पाळी सुटल्यावर माणसे सिनेमाला जात, तिथेच आता सिनेमा आला आहे, मात्र गिऱ्हाईक दुसरे आहे आणि तिकीटही. धुळ्याची आणि जळगावची तरुण पोरे अहिराणी गाणी आणि विनोदी खेळ स्वतः चित्रित करून यूट्यूबवर टाकतात आणि ती लाखांनी बघितली जातात. टिकून असलेल्या एकपडदा टॉकीजमध्ये ऑपरेटरच्या खोलीत कार्बनच्या कांड्यांच्या जागी सर्व्हर आहे. चित्र त्यात बुधवारी-गुरुवारीच उतरून बसते, पण चालत नाही. त्यासाठी वितरकाकडून आकड्यांची एक किल्ली यावी लागते, आणि त्या किल्लीत खेळ कोणत्या तारखेला, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत लावता येईल हे लिहिलेले असते. मुदत संपली की चित्र आपोआप बंद होते. शुक्रवारी सकाळी किल्ली यायला उशीर झाला तर ऑपरेटर फोन लावून बसतो, खिडकीवर तिकिटे फाटत असतात, आणि बाहेर मोटारसायकलींवर आलेली पोरे पहिल्या खेळाची वाट पाहत उभी असतात.